बादलीतला मासा

शहाणा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घेतो ते बघायचं असेल, तर आमच्या सुनावणीचा अहवाल वाचा.

गावाच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. त्यांचं रंगीत पाणी नदीत येतंच. आता ते कारखाने आणखी वाढवायचे होते. हरकती ऐकायला अमरावतीला सुनावणी ठेवली. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणून गावाने मला पुढे केलं. सोबत भोईकाका. जन्मभर आमच्या डोहात जाळं टाकून त्यांनी घर चालवलं.

"इथे वाचवण्यासारखं काय उरलंय, असंच विचारतील," मी म्हणालो. "आपण जिवंत मासाच दाखवू."

पुराबरोबर वर चढून येणारे चकचकीत मासे आता येतच नाहीत. सकाळभर जाळं टाकून हाती लागला एक मरळ, काळा, हातभर लांब.

"गुरुजी, याले कावून नेता? हा त चिखलातबी जगते."

"म्हणूनच नेतो. दुसरा मासा एसटीत अर्ध्या वाटेत मरेल."

डोहाच्याच पाण्याने बादली भरली. तिवशाहून एसटीत बसलो. मरळ घडीघडी तोंड वर काढून हवा गिळत होता. हा मासा वरची हवा घेऊन जगतो, हे मी सातवीला वर्षानुवर्षं शिकवलेलं. तरी मला वाटलं, काय जिगर आहे गड्यात!

सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर बादली ठेवली. मरळाने शेपटी आपटून त्यांची फाईल भिजवली, सभागृह हसलं, आणि मीही खुश झालो. मग तावातावाने बोललो.

"हे पाणी नदीचंच ना?" साहेबांनी विचारलं.

"नदीचंच."

"आणि मासा सकाळपासून यातच आहे?"

"हो साहेब!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

त्यांनी लिहून घ्यायची खूण केली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. "साहेब, पण हा मासा..."

"तुमची वेळ संपली, गुरुजी."

गावी परतलो. मरळ काकांनी डोहात सोडला. तो मेला अजून जगत असेल. मला मात्र स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. अजूनही वाटते.

पुढे अहवाल आला. कारखाने वाढवायला मंजुरी. आत माझा फोटो, हातात बादली, चेहऱ्यावर हसू. काकांनी खालची ओळ वाचायला लावली. मी वाचली: "नदीच्या पाण्यात मासे जिवंत असल्याचे खुद्द हरकतदारांनी दाखवून दिले."

काकांनी खांद्यावरचं जाळं उतरवून माझ्या ओट्यावर ठेवलं.

"त्याईले म्हना, मंग या अन् टाका जाळं."

दोन महिने झाले. जाळं अजून ओट्यावरच आहे. काका ते न्यायला आलेले नाहीत.