पडून राहायचा सल्ला

पेरणी आटोपली होती. सिरसाळ्याच्या बाजाराला जायचं म्हणून बैल जुंपत होतो. जुवाची शिवळ, बैलाच्या मानेजवळ अडकवायची खुंटी, हातातून गळाली, ती उचलायला वाकलो आणि तिथंच कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं, बोलू गेलं की नुसती लाळ. लकवा मारला होता.

गावची पाटीलकी माझ्याकडं होती. धाकट्या भावानं परळीहून हकीम आणले. त्यांनी तपासलं आणि भावाला ओसरीवर नेऊन बराच वेळ समजावलं. भाऊ आत आला, माझ्या पायावर गोधडी घालून म्हणाला, "दादा, हकीमसाब म्हनले, अजिबात हलायचं न्हाई. हललात तर पुन्हा झटका येईल."

मी हललो नाही. पावसाळा सरला, ज्वारी पोटऱ्यात आली, मी आढ्याकडं बघत पडून. भाऊ आपल्या हातानं भरवायचा. पायाची बोटं आपसूक हलली तरी मी घाबरायचो. तहसिलीला माझ्याऐवजी तोच जायचा.

हुरड्याच्या दिवसांत हकीम गावात दुसऱ्या रोग्याकडं आले, तसे माझ्याकडंही डोकावले. मला आडवा बघून दारातच थांबले. "अजून पडूनच? मी तर रोज बसवा, भिंतीला धरून उभं करा, बोटं उघडा-मिटा म्हनलो होतो." त्यांनी माझी मूठ उघडून पाहिली. उघडेना. चुलीपाशी बायको ऐकत होती.

तोवर माझी जीभ थोडी वळू लागली होती. भाऊ घरी आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "कावून?"

तो खाली बसला. "तुमी पडल्यावर लोक मला इचारू लागले, दादा. तुमी उठला असता, तर मी पुन्हा बैलामागंच."

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं मला भिंतीशी उभं केलं. पाय थरथरायचे, ती कमरेला घट्ट धरून राहायची. उन्हाळ्यात मी काठी टेकत मळ्यापर्यंत गेलो. मूठ मात्र तशीच राहिली. पाटीलकी भावाकडंच राहू दिली, चुली वेगळ्या केल्या.

पुढच्या पावसात बांधावर तो समोरून आला. माझा पाय घसरला, त्यानं झटकन हात पुढं केला. मी तो धरला नाही, चिखलात बसलो. काठी रोवून उठायला लई वेळ लागला. तो तिथंच उभा होता.