मोटारीतून उतरलेला तिसरा माणूस

फोटोत आत्मा दिसतो असं सांगत कुणी माझ्या स्टुडिओत आलं, की मी त्याला डार्करूममध्ये नेऊन एकाच कागदावर दोन निगेटिव्ह छापून दाखवायचो. घ्या तुमचा आत्मा… चिखलीत आयुष्यभर हाच धंदा केला. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण या एका गोष्टीपुढे माझी सगळी कारागिरी थकली.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जिनिंग फॅक्टरीचे एक वयस्कर मॅनेजर गाव सोडताना आपला घरगुती सिनेमाचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर मला देऊन गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा विलायती माल. चावी भरली की खरखर करत जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. फीत मुंबईहून मागवायची, भरली की धुवायला मुंबईलाच पाठवायची. मी तेव्हा पंचविशीत होतो. आमच्याकडे नवं काय काय येतंय ते सगळं या जुन्या डब्यात पकडायचं, हे माझं वेड. देऊळघाटला विहिरीवर बसलेली विजेची मोटर, विजेवरची चक्की, ग्रामपंचायतीचा रेडिओ आणि त्याभोवती बसलेली माणसं… असलं सगळं घेतलं होतं.

त्याच सुमारास उंद्रीला एसटीची सकाळची नवी मोटार सुरू झाली. उंद्रीत माझी सख्खी मावशी राहायची. माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा मळा, थोरले दीर-जाऊ आणि एकच मुलगी शांता, सतरा वर्षांची. मावसा नव्हते. म्हणजे वारले नव्हते… शांता पाच वर्षांची असताना ते चिखलीच्या बाजारात वांगी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. बारा वर्षं झाली. आता दिरांचं म्हणणं होतं की पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रियाकर्म उरकावं. शांताला पाहायला येणारे पहिला प्रश्न हाच विचारायचे, की मुलीचा बाप आहे की नाही? मावशी वर्षभर अडून बसली होती. कुंकू पुसणार नाही, म्हणायची.

मी गेलो तो मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ. लख्ख ऊन. मोटार केवढी आहे ते फिल्ममध्ये कळावं म्हणून मी शांताला मोटारीचं दार येतं त्या जागेजवळ उभं केलं आणि बजावलं, अजिबात हलायचं नाही. मोटार आली, मी कळ दाबली. दोन माणसं उतरली. आधी गाठोडं घेतलेली एक बाई, मग शाळेचे गुरुजी. कंडक्टरनं दार लावलं, मोटार पुढे गेली. मी चांगला आठ-दहा हातांवर होतो, डोळा कॅमेऱ्याला लावून. दोनच माणसं.

दीड महिन्यानं फीत धुऊन आली. तोवर विधीचा दिवस ठरला होता, आठवड्यावर आला होता. मावशी आणि शांता कपडा घ्यायला चिखलीला आल्या, तेव्हा म्हटलं, चला, तुमची मोटार दाखवतो. भर दुपारी स्टुडिओच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली. शांता स्वतःला बघून लाजली. मोटार आली, बाई उतरली, गुरुजी उतरले…

आणि मग आणखी एक माणूस उतरला.

धोतर, टोपी, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. डावा हात कोपरात वाकडा. तो उतरला, तशी फिल्ममधली शांता एक पाऊल मागे सरकली, वाट द्यावी तशी. तो तिच्यापाशी किंचित थांबला, तिच्याकडे वळला, आणि मोटारीच्या मागच्या अंगाला निघून गेला.

मावसांचा हात लहानपणी बैलगाडीवरून पडून तसाच वाकडा बसला होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"पुन्हा दाखव," मावशी म्हणाली.

मी तीनदा दाखवली. शांता रडकुंडीला येऊन एकच सांगत राहिली, "दादा, मी हललीच नाही. तू सांगितलं होतं ना… माह्याजवळून कोणीच नाही गेलं."

पुढचे दोन दिवस मी वेड्यासारखा फिरलो. कंडक्टरला गाठलं, तो म्हणाला, फिल्म काढत होते म्हणून ती फेरी ध्यानात आहे, उंद्रीला दोघंच उतरले. गुरुजी तेच म्हणाले. गाठोडेवाल्या बाईनंही तेच सांगितलं. एकाच फितीवर दोनदा चित्रण झालं असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण त्याची सावली मोटारीच्या पत्र्यावर पडली होती, आणि ती मोटार तर नवी कोरी. शिवाय जुनी फीत म्हणावी, तर मावसा गेले तेव्हा त्यांचे केस काळे होते. कुणी भलताच माणूस उतरला आणि आम्ही सगळेच विसरलो? असेलही… पण सगळेच? आणि शांता कुणासाठी सरकली?

उंद्रीत बातमी पोचली. दीर स्वतः स्टुडिओत येऊन फिल्म पाहून गेले आणि घरी जाऊन म्हणाले की विधी थांबवा, भाऊ जिवंत आहे. मीही त्यांच्याबरोबर उंद्रीला गेलो होतो. मला वाटलं, मावशी सुटली. वर्षभर ती हेच तर सांगत होती.

मावशी शेंगा निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "विधी करून टाका."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"ते उतरले. पोरीच्या हातभर अंतरावरून गेले, अन् घरी नाही आले. जिवंत असतीन तरी त्यायले यायचं नाही. नसतीन तं त्यायले मोकळं करा. मले आता वाट नाही पाह्यची."

ठरल्या दिवशी विधी झाला. मावशीनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. पुढच्या वर्षी शांताचं बीबी गावी लग्न झालं, चांगलं घर मिळालं. मावसा पुन्हा कुणाला दिसले नाहीत, त्यांच्या मरणाची बातमीही कधी आली नाही. मी मात्र त्यानंतर त्या कॅमेऱ्यात फीत घातली नाही. का, ते विचारू नका… नाही घातली एवढंच.

लग्नाच्या आदल्या दिवशी शांतानं मला बाजूला बोलावलं. दिरांनी फिल्म पाहिली त्यानंतर मी ती कुणाला दाखवली नव्हती.

"दादा, त्यायनं माह्याकडं पाह्यलं तवा ते हसले होते काय?"

मी त्या दिवशी नाही, पण नंतर कितीतरी वेळा ती फीत भिंगाखाली धरून पाहिली आहे. एकेक चित्र. तो तिच्याकडे वळतो, तेव्हा त्याची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. चेहरा दिसतच नाही.

मी तिला म्हणालो, हाव, मी पाह्यलं, हसले होते.

तो कोण होता, कुठून आला, मला दिसला कसा नाही… यातलं मला आजही काही कळलेलं नाही. या सगळ्यात खात्रीनं खोटं आहे, ते फक्त माझं ते एक वाक्य.