रक्त रुसून माहेरी जाते

आमच्या भाचीला घरात सगळे भोंगा म्हणतात. मोठ्यांदा बोलल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरतच नाही. नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातही कपडे धुता धुता ती सगळा धडा ओरडून सांगते, आणि शेजारच्या नळांवरच्या मुलींचा फुकटात अभ्यास होतो.

नेमका त्यानंच घात केला. परीक्षेत प्रश्न आला, हृदयाची झडप नीट मिटली नाही तर काय होते? पाच उत्तरपत्रिकांत शब्दाला शब्द एकच उत्तर निघालं: "रक्त पुढे जायचे सोडून रुसून माहेरी जाते." असलं वाक्य कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणजे कॉपीच! पाचही जणींची चौकशी लागली. शाबीत झालं तर अख्खं वर्ष वाया. पालकांना घेऊन या म्हणाले. तिची आई म्हणजे माझी ताई, तिला कुणाला उलट बोलता येत नाही, म्हणून मी गेले. मला कुणाशीही भांडता येतं.

लांबलचक टेबलापलीकडे समितीचे अध्यक्ष सर आणि दोन मॅडम बसल्या होत्या. भोंग्याचा आवाज बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"हे वाक्य तुम्हाला कुणी दिलं?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही सर. माझंच आहे."

"कशावरून?"

भोंग्यानं हळूच माझ्याकडे बोट केलं. "ही माझी मावशी. काकांशी बिनसलं की रुसून आमच्याकडे येते. आजी-आजोबा गेल्यापासून आमचं घर हेच तिचं माहेर. आई म्हणते, दार जरा उघडं दिसलं की हिची पावलं मागे फिरलीच. झडप वाचताना मला हीच आठवली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं भवाने, घरातलं चव्हाट्यावर मांडतेस?" मी उभीच राहिले. "आणि सर, मी उगाच नाही येत हं! कारण असतं."

एका मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

सर मात्र हसले नाहीत. बाहेर बसलेल्या चौघींपैकी एकीला त्यांनी आत बोलावलं आणि परीक्षेत न आलेलंच विचारलं, "मूत्रपिंडाचं काम सांगा."

"मावशी आल्या की आधी आईचं कपाट उपसतात," ती घडाघडा सुरू झाली. "चांगलं ते परत आत, नको ते बाहेर. मूत्रपिंडंही तशीच. रक्तातलं कामाचं परत घेतात, बाकीचं बाहेर टाकतात."

दुसरीला विचारलं, ताप का येतो? तिथंही मीच निघाले!

आता सरांनाही हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "ही कॉपी नाही, शिकवणी आहे. पाचही पेपर तपासायला घ्या." मग भोंग्याकडे वळून म्हणाले, "फक्त पुढच्या वेळी 'रक्त मागे वाहते' असं लिहा. माहेर घरीच ठेवा."

बाहेर व्हरांड्यात मुलींचा घोळका जमला. "ह्याच का त्या मावशी?" भोंगा माझ्या गळ्यात पडून एकाच वेळी रडत आणि हसत होती. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं, पण इतक्या लवकर राग सोडला तर माझी काय किंमत राहिली?

"माझी पुरती अब्रू काढलीस," मी म्हटलं. "आजपासून तुमच्या घराची पायरी चढणार नाही!"

"मग रुसून जाशील कुठे?"

ताईला बातमी तर द्यायलाच हवी होती. भोंग्याचा हात धरून मी निघाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न रुसता माहेरी गेले.