भिंतीकडे तोंड करून

दळवीकाका आधी ऐकायचे, मग बघायचे. कंपनीत ते तपासनीस होते. मशीनच्या आवाजावरून त्यावरचा जॉब, म्हणजे घडत असलेला भाग, बिघडणार हे ओळखायचे. निगडीत आमच्या शेजारी राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून माझ्या आईची धाप ऐकून त्यांनी आमचं दार वाजवलं. हातात पत्र्याचा डबा, डब्यात दम्याचं औषध ओढायची तीन यंत्रं. स्वतः जुने दमेकरी.

"हा काचेचा फवारा. जुना, भरवशाचा; रबरी फुगा दाबत बसा आणि काच जपा. पंप खिशात मावतो, पण दाबणं आणि ओढणं एकदम जमलं पाहिजे. ही भुकटी नवीन निघालीय. कॅप्सूल घाला, फिरवा, ओढा. टायमिंगची भानगड नाही, पण छातीत जोर हवा." मग हसून म्हणाले, "चांगलं कुठलं, ते ओढणाऱ्याला विचारायचं."

आईच्या छातीत जोर नव्हता. डॉक्टरांनी तिला पंपच दिला होता, पण गुण येईना. डॉक्टर तिच्यावर चिडायचे, वडील औषधाला नावं ठेवायचे आणि आई उशांना टेकून बसलेली. ही आता हातची जाते की काय, अशी मला भीती वाटायची.

काकांनी तिला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. चऱ्होलीसारख्या खेड्यात वाढलेली माझी आई, परक्या पुरुषासमोर आ कसा करणार? मान खाली घालून तिनं पदराआड घाईघाईनं पंप दाबला. वडील ओरडणार, इतक्यात काका म्हणाले, "राव, माणूस रिजेक्ट करायचा नसतो. पद्धत बघायची." आणि ते उठून चक्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पदर बाजूला घ्या, वहिनी. मान वर. मी फक्त ऐकतो."

आधी फुस्स झालं, मग श्वास.

"आवाज दोन आले. एकच यायला हवा."

आठवडाभर शिफ्टला जाण्याआधी ते आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे. आठव्या दिवशी आवाज एकच आला. पुढे काही दिवसांनी आई न थांबता जिना चढली, तेव्हा मी काकांच्या पाया पडले. मला फार रडू येत होतं.

काही वर्षांनी, शेवटच्या आजारपणात, त्यांना भुकटी ओढवेना. पंप दाबताना हात थरथरायचे. आम्ही भेटायला गेलो की ते पंप उशीखाली सारायचे. सगळा जन्म दुसऱ्यांचं काम तपासलं. आपलं चुकताना कुणी पाहू नये, असं वाटत असावं. एकदा धाप लागलेली असतानाही त्यांनी पंप लपवला. आई उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"घ्या, भावजी. मी न्हाई बघत."

फुस्स झालं. जरा वेळानं श्वास.

"आवाज दोन आलं," आई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण ती वळली नाही. "घाई न्हाई. एकच येऊ द्या."