लिफ्टच्या दारात काठी
लिफ्टच्या ग्रीसचा वास आला की मले चंद्रपूरचा एक जुना दवाखाना आठवते. सून बाळंत झाली होती, अन् आमची म्हातारी तान्ह्या नातीले पदरात घेऊन तिसऱ्या माळ्यावर लिफ्टपाशी उभी होती. हातानं ओढायचं लोखंडी दार होतं. लिफ्ट समोर आल्याबिगर त्याचं लॉक सुटत नाई, असं सारेच सांगत. मी ओढलं तर दार सहज सरकलं. आत अंधार. आमच्या जंगलातल्या गावात अंधाऱ्या खोलीत शिरायच्या आधी काठी ठोकतात, साप असते म्हणून. मी काठी पुढं केली. म्हातारी हसली, "दवाखान्यात काऊन ठोकून राह्यले जी? इथी कुठचा साप?" अन् तिनं पाय उचलला. काठीले जमीन लागलीच नाई. लिफ्ट खालीच राहिली होती. लुगडं धरून तिले मागं खेचलं. काठी हातून सुटली, अन् खाली आपटल्याचा आवाज यायले लई वेळ लागला. म्हातारी भिंतीले टेकून खाली बसली, नात झोपेतच होती. आता पोराच्या बिल्डिंगीत लिफ्टचं दार आपोआप उघडते, तरी मी आधी काठी ठोकतो. लोक हसतात, हसू दे. आता कॉलेजात जाणारी तीच नात मात्र, माझं ठोकून होईस्तोवर, गुमान मागं थांबते.