पिनकाकांची मोठ्याने बोलायची सवय

पिनकाका पहिल्यांदा तिच्या लक्षात आले ते त्यांच्या आवाजामुळे. लग्नानंतर लगेच घरात इंटरनेट घेतलं, तेव्हा हा पन्नाशीचा माणूस भिंतीशी उकिडवा बसून रेडिओसारखा बोलत होता. "आता वायर सोलली. आता डबा लावला. आता डब्याला गुदगुल्या." कॉलरला टोचलेली टाचणी काढून त्यांनी राउटरच्या मागच्या बारीक भोकात घातली. त्या टाचणीवरूनच सगळी गल्ली त्यांना पिनकाका म्हणायची. कोण्या गिऱ्हाइकाने एकदा 'गुपचूप काय खुडबुड करतोस?' म्हणून त्यांना चोर ठरवलं होतं. तेव्हापासून हात जे करील ते तोंड सांगत असे.

"याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि ती खळखळून हसली होती. तेव्हा ती त्या घरात हसत असे.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिनेच त्यांना खिडकीतून हाक मारली. नेट बिघडलंय, एवढंच सांगितलं. खरी गोष्ट अशी होती की दुसऱ्या गावच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. भाऊ येऊन हळूच सांगून गेला होता. इस्पितळाच्या साइटवर जाऊन आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. तिच्या लॅपटॉपवर बातम्या उघडत, हवामान उघडत, गाणी वाजत. तेवढं एक पान मात्र गरगर फिरत राही. तिचा फोन नवऱ्याने दुरुस्तीला म्हणून नेला होता. तो परत आलाच नव्हता.

सासूबाई समोरच शेंगा सोलत बसल्या.

"मावशी, बघा हं," पिनकाका सुरू झाले. "तुमच्याच वायफायवर माझ्या फोनात उघडतंय. ताईंच्या लॅपटॉपवर नाही. म्हणजे वायर ठीक, डबा ठीक. आता डब्याच्या सेटिंगमध्ये शिरतो." ते फोनवर वाकले. "हे घ्या! साइट बंद पडलेली नाही, बंद केलेली आहे. ती पण फक्त ताईंसाठी. कुठली बरं... इस्पितळाची नोकरभरती. आणि ताईंची मेलसुद्धा."

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. "नोकरी?" त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. उठल्या, आत गेल्या, दार लोटलं. आतून फोनवरची कुजबुज ऐकू येऊ लागली.

पिनकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या बोलण्याने काय होऊन बसलं ते त्यांना कळलं, आणि काम करता करता ते प्रथमच गप्प झाले.

मुकाट्याने त्यांनी ती बंदी काढली. लॅपटॉपवर पान अर्धं उमटलं आणि थिजलं. बंदी परत आली होती. त्यांनी पुन्हा काढली, ती पुन्हा आली. नवरा ऑफिसात बसून स्वतःच्या फोनवरून हाच डबा चालवत होता. मग त्याने तिकडून वायफायच बंद केलं; राउटरवरचा वायफायचा दिवा विझला.

पिनकाकांनी आपला फोन तिच्या हातात ठेवला. "माझ्या सिमवर चालेल," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

साइटचा पासवर्ड पाठ होता. होकार गेला. फोन परत देण्याआधी तिने भावाला लिहिलं, 'आत्ता ये.' मग म्हणाली, "काका, एवढ्यात जाऊ नका."

सासूबाई बाहेर आल्या आणि एकेक खिडकी लावत सुटल्या. खाली गाडी थांबली.

नवरा शांतपणे आत आला. रुमालाने हात पुसत हसला. "काका, भलतेच कष्ट घेतलेत. बघू तुमचा फोन."

"फोन देत नसतो, साहेब."

"मग निघा. घरचं आम्ही घरी बघू." आवाज मुळीच चढला नव्हता. त्या शांत आवाजामागून काय येतं ते तिला ठाऊक होतं.

पिनकाकांनी राउटर भिंतीवरून उतरवला, मांडीवर घेतला आणि स्क्रू काढायला लागले. "डबा बिघडलाय. उघडा टाकून जाता येत नाही. वेळ लागेल."

"किती?"

पिनकाका एक स्क्रू काढत, तोच परत बसवत. नवरा दाराला टेकून उभा होता. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. ती पिनकाकांच्या कॉलरमधल्या टाचणीकडे बघत बसली. शेवटी दारावर भावाची थाप पडली, तेव्हा कुठे पिनकाकांनी राउटर भिंतीवर लावला. ती भावाबरोबर बाहेर पडली आणि तिच्यामागोमाग तेही जिना उतरले.

नवऱ्याने तक्रार केली आणि त्या गल्लीतलं पिनकाकांचं काम गेलं. ते आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राउटर बसवतात. काम करताना बोलत नाहीत.