सूज उतरेपर्यंत

"गर्दी कमी करा जी," असं म्हणत ते उजव्या हाताच्या पालथ्या पंजाने समोरच्या माणसांना हळूच बाजूला सारत. पंगतीत नको असलेला भात पानाच्या कडेला सारावा तसं.

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. अपघातात सापडलेल्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. मूळचे भंडाऱ्याकडचे, म्हणून वाक्याच्या शेवटी 'जी'. आमच्या पेठेत विनाकारण इतका आदर कुणी दाखवत नाही, त्यामुळे सुरुवातीला लोकांना संशयच आला. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून प्रत्येक घरी खीर पोचली, तेव्हा तो फिटला.

एकदा लिफ्ट अडकली. आत तळमजल्यावरच्या काकू आणि बाहेर आम्ही सगळे सल्लागार. डॉक्टरांनी आम्हाला पांगवलं. "सगळे मदतीला धावले, म्हणून मेकॅनिकला वाट नाही. मार लागला की शरीरातही हेच होतं जी."

आम्ही हसलो. त्यातलं गांभीर्य कळायला घरातलं माणूस त्यांच्या हाती जावं लागलं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या लोकांच्या अडचणी सोडवायचा. एका सकाळी त्याच्या मोटारसायकलला डंपरने उडवलं. मांडी मोडली, घोट्याचा चुरा झाला, बरगड्या गेल्या. डॉक्टरांच्या हॉस्पिटलात नेला. तिथे दारातच कारंजं होतं, हॉटेलात आल्यासारखं वाटावं म्हणून. त्याच्या काठी बसलेल्या कुणाला तसं वाटल्याचं मी पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवला, पायाला बाहेरून सळ्या लावून हाडं धरून ठेवली, आणि हाडं जोडायचं ऑपरेशन न करता ते थांबले. दुसऱ्या दिवशी पोराचा चेहरा ओळखू येईना इतका सुजला. ताप चढला. श्वासाला यंत्र लावावं लागलं.

"मार पायाला आणि छातीला, मग चेहरा का सुजला?" मेहुण्यांनी विचारलं.

"मार एकीकडे असला तरी बोंब सगळ्या अंगभर जाते जी. पांढऱ्या पेशी धावत सुटतात. समोर शत्रू दिसला नाही तरी हाणामारी करतात. आत्ता त्याची फुप्फुसं त्यांच्या तावडीत आहेत."

"मग ऑपरेशन करून टाका ना!"

"ऑपरेशन म्हणजे दुसरा अपघातच. फक्त सही घेऊन केलेला. आत्ता तो त्याला सोसायचा नाही."

मेहुण्यांच्या चुलतभावाने मोबाइल काढला. "मंत्रिसाहेबांना फोन लावू का?"

"लावा ना जी. पांढऱ्या पेशी साहेबांचं ऐकत असतील तर मलाही नंबर द्या."

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका हॉस्पिटलाने लगेच ऑपरेशन करायची तयारी दाखवली. मेहुणे अँब्युलन्स बोलवायला निघाले. बहीण डॉक्टरांवर उखडली, "तुम्ही नुसते बघत बसलाय!"

"हो ताई," ते म्हणाले. "आणि हात शिवशिवतायत माझे. हाडं जोडायला शिकलो मी, बघत बसायला नाही. पण आज हात लावला तर पाय नीट होईल आणि पोरगा जाईल, अशी भीती वाटते."

भीती वाटते असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होतो. बहिणीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "राहू दे. इथेच."

पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ताप उतरला, यंत्र निघालं. आम्ही पेढ्यांची भाषा करू लागलो, तर डॉक्टरांनी ताकीद दिली, "आता अंगातले पहारेकरी थकून झोपलेत. साधा जंतूसुद्धा आत घुसेल. कुणी शिंकलेला माणूस खोलीत जायचा नाही." आणि नेमकी सर्दी झाली ती त्यांनाच. स्वतःचा नियम पाळून ते खोलीबाहेर उभे राहिले.

डॉक्टर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. भाचा जरासा लंगडतो आणि त्यावर स्वतःच विनोद करतो. पण डॉक्टरांचं नाव निघालं की मला त्या खोलीची काच आठवते. काचेबाहेर तोंडावर रुमाल धरलेले डॉक्टर, शेजारी माझी बहीण. आत नर्सने भाच्याचा पाय हलकेच धरलेला.

"पायाची सूज उतरली की कातडीवर सुरकुत्या परत येतात," डॉक्टर रुमालातून सांगत होते. "त्या आल्या की ऑपरेशन करता येतं." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. डोळ्यांत सर्दीचं पाणी. "मला नीट दिसेना. ताई, तुम्ही पाहा बरं."

नर्सने पावलावरची कातडी चिमटीत हलकी धरून सोडली. बहिणीने काचेला कपाळ टेकलं.

"आहे," ती म्हणाली. "घोट्याच्या पुढे. बारीकशी आहे, पण आहे."

"नक्की?"

"अहो, मी आई आहे त्याची!"

डॉक्टरांचा रुमाल तोंडावरून डोळ्यांवर गेला.